जागरणाचे पाप कोणाचे?

वाल्या कोळ्याची कथा ज्यास ठाऊक नाही असा मनुष्य मराठी घरांत विरळा. वाटसरूंस लुटून तो कुटुंब पोशी. नारदाने त्यास विचारले की, ज्यांच्यासाठी तू हे करतोस ती माणसे तुझ्या पापाची वाटेकरी होतील काय? वाल्या घरी गेला, त्याने बायकामुलांस विचारले, आणि त्यास उत्तर मिळाले की, तू आणशील ते आम्ही खाऊ; पाप तुझे तू पाहा. येथून पुढे कथा सांगणाऱ्याचे सारे लक्ष वाल्याच्या वाल्मीकी होण्याकडे लागते व घरची मंडळी वारुळाआड दिसेनाशी होतात. त्यांचे उत्तर बरोबर की चूक, हे फारसे कोणी विचारीत नाही. आम्हीही अनेक वर्षे विचारले नव्हते. कल्याणास आमच्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांशी झालेल्या बोलण्यामुळे तो प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला.

हे गृहस्थ ट्रकचे ड्रायव्हर होते. गल्लीतील लहानथोर त्यांस मामा म्हणतात. मुंबई-आग्रा रस्त्यावर, बहुधा इंदूरपर्यंत, त्यांनी तीस वर्षे गाडी चालविली. सायंकाळी बाकावर बसून ते त्या दिवसांच्या गोष्टी सांगू लागले म्हणजे, ज्या रस्त्याकाठी आपण जन्म काढला तो आपण कधी पाहिलाच नाही, असे आमच्यासारख्या पुस्तकांत वाढलेल्या मनुष्यास वाटू लागते. मुलुंडच्या जकात नाक्यावर लागणाऱ्या ट्रकांच्या रांगा आम्हीही पाहिल्या होत्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली व त्याबरोबर त्या रांगाही गेल्या. परंतु त्या रांगेत घालविलेली रात्र ना कामात धरली जाई ना विश्रांतीत, हे आम्हांस मामांनी सांगितले. कसारा घाटात धुके उतरले की क्लीनरने बॅटरी घेऊन पुढे चालावयाचे आणि ड्रायव्हरने त्या उजेडामागून गाडी काढावयाची. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचविण्याचा मोह ज्यास आवरला तोच खाली पोचला. डोळा लागू नये म्हणून चहा, तंबाखू, मिरची, तोंडावर पाण्याचा हबका, हे सर्व उपाय करून झाले, तरी एक वेळ अशी येते की कोणताच उपाय चालत नाही.

"झोप चोरासारखी येत नाही, सर," मामा म्हणाले. "चोर आला तर माणूस सावध तरी होईल. ती आईसारखी येते."

१९९२ सालच्या दिवाळीच्या तोंडावर ते इंदूरहून तेलाचे डबे घेऊन येत होते. सलग तिसरी रात्र होती. बाजार उघडण्यापूर्वी माल पोचला नाही तर भाडे कापले जाणार होते. शहापूर मागे पडले, आणि पहाटेच्या अंधारात, सायकलीस दुधाच्या किटल्या अडकवून चाललेला एक मनुष्य गाडीखाली आला. मामांस जाग आली ती आवाजाने. समोरच्या चहाच्या टपरीवरून माणसे धावत येताना दिसली. मामा थांबले नाहीत. पुढच्या पोलिस चौकीत जाऊन स्वतः हजर झाले. दूधवाला रुग्णालयात पोचण्यापूर्वीच गेला. मामांनी सहा महिन्यांची शिक्षा भोगली.

"मालकाने वकील दिला, आणि दुसरा ड्रायव्हर पाठवून माल पोचवला. कोर्टात सगळं विचारलं, सर. ब्रेक कसे होते, दिवे कसे होते, दारू घेतली होती का. किती रात्री झोपला नव्हतास, एवढं कुणी विचारलं नाही."

आम्ही वर्गात नीतिशास्त्र शिकविताना ॲरिस्टॉटलचे एक मत सांगत असतो. मद्याच्या धुंदीत अपराध करणाऱ्यास दुप्पट शिक्षा देणाऱ्या कायद्याचे तो समर्थन करतो. कारण त्या वेळी त्यास शुद्ध नसली तरी न पिणे हे त्याच्या हाती होते. हाच न्याय झोपेस लावावयाचा तर प्रथम विचारले पाहिजे की, न जागणे मामांच्या हाती होते काय? हा प्रश्न आम्ही मामांस विचारला. आमची अशी अपेक्षा होती की ते मालकास दोष देतील. ते म्हणाले, "थांबता आलं असतं. भाडं गेलं असतं, कदाचित नोकरीही. पण थांबता आलं असतं." तेव्हा दोष त्यांचा होता, हे त्यांसच मान्य आहे. आमचा प्रश्न असा की, तो त्यांचा एकट्याचा होता काय?

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या काळी निरनिराळे दिले आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरविले होते. पण पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यासच तो लागू होता, आणि आपल्याकडे एकदोन गाड्यांचे मालकच उदंड. पुढे भारतीय न्याय संहितेत, अपघातात मृत्यू घडवून पोलिसांस न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद झाली. जानेवारी २०२४ च्या आरंभी ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, आणि आम्ही ठाणे-कल्याणची सुशिक्षित मंडळी पेट्रोल पंपांवर रांगा लावून त्यांच्या बेजबाबदारपणावर व्याख्याने देऊ लागलो. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा तेवढे पोटकलम बाजूस ठेवण्यात आले. जमावाच्या क्षोभाचे भय खोटे आहे असे कायद्यासही म्हणता येत नाही. जखमीस मदत करण्याचे कर्तव्य सांगताना १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेच तो अपवाद नोंदविला आहे.

युरोपातील कायद्याने मात्र ड्रायव्हरची झोप मोजावयास घेतली. तेथील २००६ च्या नियमाप्रमाणे साधारणतः दिवसास नऊ तासांहून अधिक गाडी चालविता येत नाही, साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावे लागते, आणि टॅकोग्राफ नावाचे यंत्र गाडीतच बसून याचा हिशेब ठेवते. आठवड्याची पंचेचाळीस तासांची पूर्ण विश्रांती गाडीतच घेता येणार नाही, असा निर्णय तेथील न्यायालयाने २०१७ साली दिला. परंतु आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. वाहतुकीचे वेळापत्रक या नियमांस धरून आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी तेथे वाहतूकदाराबरोबर माल पाठविणाऱ्यावरही टाकली आहे. म्हणजे वाल्याचा प्रश्न त्या कायद्याने घरच्या मंडळींस विचारला, आणि 'नाही' हे उत्तर स्वीकारले नाही. तरी युरोप हा स्वर्ग नव्हे. २०२३ साली जर्मनीतील ग्रेफेनहाउझेन येथे जॉर्जिया, उझबेकिस्तान वगैरे दूरच्या देशांतून आलेले ड्रायव्हर थकलेल्या वेतनासाठी रस्त्याकाठी आठवडेच्या आठवडे गाड्या उभ्या करून बसले होते. स्वस्त मनुष्य दुरून आणला म्हणजे कोणताही नियम वाकविता येतो.

येथे एक आक्षेप येईल. पाप सर्वांत वाटले तर ते कोणाचेच उरणार नाही. ड्रायव्हर मालकाकडे बोट दाखवील, मालक व्यापाऱ्याकडे, व्यापारी गिऱ्हाइकाकडे. आक्षेप वजनदार आहे. पण तो पापास लाडवासारखे समजतो, की खाणारे वाढले म्हणजे प्रत्येकाचा घास लहान व्हावा. आम्हांस जामीनकीचा दृष्टांत अधिक योग्य वाटतो. एका कर्जास चार जामीन राहिले म्हणून मूळ ऋणको सुटत नाही, आणि प्रत्येक जामीन पाव रकमेपुरताच बांधला जातो असेही नाही. शिक्षा ज्याच्या हाती स्टीअरिंग होते त्यास झाली, हे यथायोग्यच. परंतु पुढील पहाटे दुसरा दूधवाला मरू नये, हे ऋण ज्यांनी वेळ ठरविली, ज्यांनी भाडे कापले आणि ज्यांनी घाई केली त्या सर्वांवर, ज्याच्या त्याच्या सामर्थ्याप्रमाणे, राहतेच.

मामांसही हा भेद कळतो. ते एकदा म्हणाले, "कायद्याने मी पळालो नाही, सर. चौकीत गेलो. पण त्याला पाणी पाजायला थांबलो नाही. ते माझं. त्यात कुणाचा वाटा नाही." त्यावर आम्ही काही बोललो नाही. आपल्या पापातील कोणते आपले एकट्याचे हे इतके नेमके सांगणारा मनुष्य आम्हांस विद्वानांतही क्वचितच भेटला आहे.

आणि आमचे? १९९२ सालच्या दिवाळीत आमच्याही घरी चकल्या तळल्या होत्या. तेल कोठून, कोणत्या रात्री आले हे कोणी विचारले नव्हते. आज भिवंडीभोवती माणकोली-अंजूरच्या बाजूस गुदामांची नगरेच उभी आहेत. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातील आमण्यापर्यंत येऊन ठेपला. ऑक्टोबर २०२५ पासून नव्या मोठ्या ट्रकांची केबिन वातानुकूलित असावी असाही नियम झाला. गारवा मिळेल, झोपेचे तास मात्र यंत्रातून येत नाहीत. गेल्या महिन्यात मागविलेले एक पुस्तक एक दिवस उशिरा आले म्हणून आम्ही रागाचे पत्र लिहिले. त्या पुस्तकाची आम्हांस त्या दिवशी गरज नव्हती. ते अजून न उघडता पडले आहे.

वाल्याच्या कुटुंबापुढे दोनच उत्तरे होती असे आपण धरून चालतो. पापाचा वाटा घेऊ, किंवा घेणार नाही. पण तिसरे एक उत्तर होते, आणि ते देण्यास ना तपश्चर्या लागत होती ना पांडित्य. "आज रात्री जाऊ नका, आहे त्यात भागवू," एवढे घरातून कोणी म्हणाले असते तर त्या रात्री निदान एक वाटसरू सुखरूप घरी गेला असता.