रिकाम्या जागेचा हक्क

जे आज दिसत नाही, त्यास नकाशात स्थान द्यावे काय? प्रश्न वरवर भूगोलाचा भासतो. वस्तुतः तो नीतीचा आहे.

कच्छचे मोठे रण घ्या. वर्षाचा बहुतेक काळ तेथे मीठ आणि भेगाळलेली माती यांवाचून काही नसते. परंतु पाऊस भरपूर झाला की तेच रण उथळ सरोवर बनते आणि रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, तेथे चिखलाची घरटी रचून पिले वाढवितात. १९४५ साली सलीम अली यांनी तेथे त्यांची लक्षावधींची वसाहत पाहिली. कोरड्या वर्षाचा नकाशा मात्र या भूमीस पडीक ठरवील. आणि पडीक ठरली की ती कोणीही घ्यावी!

आज उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या चित्रांवरून पाणी कोठे व किती काळ टिकते, हे कळू शकते. तेव्हा अज्ञानाची सबब उरली नाही. कोणी म्हणेल, क्वचित येणाऱ्या पाखरांसाठी माणसाने जमीन का अडवावी? माणसाची गरज आम्ही नाकारीत नाही. पण यात्रा वर्षातून एकदाच भरते, म्हणून देवळाचे आवार एरवी कोणी विकतो काय? रिकामे आणि निरुपयोगी यांतील भेद ज्या नकाशात नाही, तो आमच्या मते अपुराच नव्हे, अन्यायकारकही होय.