काचेची बाहेरची बाजू

बाहेरची स्वच्छता महत्त्वाची की आतली, असा प्रश्न सत्संगात निघाला की उत्तर जवळजवळ ठरलेले असते: आतली. मग कोणीतरी काचेची गोष्ट सांगतो. शेजारणीचे वाळत घातलेले कपडे रोज मळके दिसत. एक दिवस आपल्याच खिडकीची काच पुसली गेली आणि कपडे स्वच्छ दिसू लागले. भाषांतराच्या सेवेत ही गोष्ट माझ्यापुढे इतक्या वेळा आली आहे की आता मला त्या शेजारणीची दया येते. गोष्ट चांगलीच आहे. पण त्या गोष्टीतले घर बहुधा तळमजल्यावर असावे. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीची बाहेरची बाजू कोणी पुसायची, हे ती सांगत नाही. आणि आज शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी खरा प्रश्न त्या बाहेरच्या बाजूलाच आहे, असे मला वाटते.

माझी मावशी जयपूरला सी-स्कीममध्ये राहते. मिर्झा इस्माईल जयपूर संस्थानाचे दिवाण असताना, म्हणजे १९४२ ते १९४६ या काळात, तटबंदीबाहेर शहर वाढवण्याच्या योजनांना जो वेग आला, त्यातून आकाराला आलेली ही वस्ती. रुंद रस्ते, कडुनिंबाची झाडे, मागेपुढे अंगण असलेले बंगले. आता त्यांतल्या अनेकांच्या जागी काचेच्या इमारती. मे-जूनमध्ये पश्चिमेकडून आंधी येते आणि तासाभरात सगळ्या खिडक्यांवर पिवळसर धुळीचा थर बसतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला ही धूळ समजत नाही. आपल्याकडे चार महिने पाऊस भिंती धुतो, तो शेवाळही आणतो म्हणा. जयपूरला वर्षभरात सरासरी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही थोड्या दिवसांत. पहिल्या शिडकाव्याने धुळीचा चिखल होतो आणि काचेवर ओघळ वाळून बसतात.

म्हणून दिवाळीच्या आधी तिथे घराची बाहेरची बाजू धुऊन देणारी माणसे बोलावतात. पूर्वी हे काम घरचा माळी किंवा चुना लावणारा करी. आता त्याचा व्यवसाय झाला आहे. गाडीतून प्रेशर मशीन येते, लांब दांड्याचे ब्रश येतात, काचेवरून पाणी ओढायची रबराची पट्टी येते. काम पाहण्यासारखे असते. आधी साधे पाणी मारून धूळ सैल करायची, मग फेस, मग ब्रश, शेवटी वरून खाली एकाच ओढीत पट्टी. मराठीत ‘सफाईदार’ म्हणतात ते हेच. (हिंदीत ‘सफाई देना’ म्हणजे स्वतःच्या वागण्याचे समर्थन करणे. दोन भाषांमध्ये येजा करताना असे शब्द पायात येतात, आणि हा शब्द या विषयात मला सारखा आडवा येतो आहे.)

या कामात ज्ञान लागते, हेही सांगितले पाहिजे. मशीनच्या पाण्याचा दाब गाडीच्या चाकातल्या हवेच्या पन्नास पट किंवा त्याहूनही जास्त असतो. तो सिमेंटच्या फरशीला चालतो. पण चुन्याच्या जुन्या गिलाव्यावर किंवा वाळूच्या दगडावर जवळून मारला तर वरचा थर निघून येतो, आणि पुढच्या वर्षी धूळ अधिक खोल बसते. बोअरवेलचे जड पाणी काचेवर वाळले की क्षारांचे पांढरे डाग राहतात. ते काढायला कोणी अ‍ॅसिड वापरले तर काच क्षणभर लखलखते, पण खाली मकराण्याच्या संगमरवरावर थेंब पडले की त्याची चकाकी कायमची जाते, आणि ज्याच्या हातात हातमोजे नाहीत त्याची कातडी जाते. तेव्हा ‘धुतले’ आणि ‘जपले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नीट जाणणारा माणूस बोलावणे हा काही केवळ ऐषाराम नव्हे. दगडावर साचणारी कबुतरांची विष्ठा तशीच ठेवली तर दगडच खाते.

मग प्रश्न कुठे आहे? मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, त्यामुळे माझी सवय बिल वाचायची. बिलात इतक्या खिडक्या, इतक्या चौरस फुटांची भिंत, कर, एकूण रक्कम, एवढेच असते. जे बिलात नसते त्याकडे आमच्या विषयात एका इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने लक्ष वेधले. आर्थर पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कारखान्यांच्या धुराचे उदाहरण घेतले. धूर सोडणारा नफा मोजतो. पण कपडे पुन्हा धुण्याचा, खोल्या साफ करण्याचा, इमारतींच्या हानीचा खर्च गावातले लोक भरतात. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या उदाहरणात साफसफाई हाच मुद्दा होता, हे परीक्षेसाठी पाठ करताना माझ्या लक्षातही आले नव्हते.

आता हेच गणित उलटे करून पाहा. माझ्या भिंतीवरची धूळ रस्त्याची, बांधकामांची, गाड्यांची. ती दुसऱ्यांनी माझ्यावर टाकली. मी ती धुऊन पुन्हा रस्त्यावर सोडली. मावशीच्या फाटकाशेजारी झाडाखाली एक इस्त्रीवाला बसतो. धुलाई सुरू झाली तेव्हा तुषार त्याच्या घडी केलेल्या कपड्यांकडे येऊ लागले. त्याने कोणाला काही म्हटले नाही. हातगाडी ढकलत पुढच्या घराच्या सावलीत नेली. त्या तासाभराचा त्याचा खर्च कोणत्या बिलात लिहायचा?

पाण्याचे तसेच. लहान मशीन मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर पाणी घेते. उघड्या नळीपेक्षा ते कमीच, याचे श्रेय मशीनला दिले पाहिजे. तरीही दोन तास ते सलग चालले तर ८०० लिटरच्या आसपास पाणी जाते. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी असावे असा सरकारी निकष आहे. म्हणजे सहा माणसांचे दिवसभराचे पाणी. आणि जयपूरचे बरेचसे पाणी येते कुठून? शंभर किलोमीटरहून दूर, टोंक जिल्ह्यात बनास नदीवर बांधलेल्या बीसलपूर धरणातून. पूर्वी शहराला रामगढ तलावाचा आधार होता. १९८२ च्या आशियाई स्पर्धांतल्या नौकानयनाच्या शर्यती त्याच तलावात झाल्या होत्या. पुढे तो कोरडा पडला. ज्या गावाने डोळ्यांदेखत तलाव आटताना पाहिला, तिथे चमकणारी भिंत ही निव्वळ स्वतःची बाब राहत नाही.

पण सगळ्यात मोठी जी गोष्ट बिलात नव्हती, ती छज्जावर उभी होती. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर वीतभर रुंदीच्या छज्जावर एक मुलगा उभा होता, माझ्याच वयाचा असेल. एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात रबराची पट्टी. कमरेला पट्टा नाही, दोर नाही. विचारल्यावर त्यांच्या मुकादमाने खालून सांगितले की पट्टा गाडीत आहे, बांधायला वेळ लागतो, अजून तीन घरे करायची आहेत. मावशी काचेजवळ गेली आणि म्हणाली, “बेटा, पहले बेल्ट बांधो, शीशा बाद में.” तो हसला, कारण बंद काचेतून त्याला काहीच ऐकू आले नव्हते. मग तिने शेजारची खिडकी उघडून पुन्हा सांगितले. दोर गच्चीच्या कठड्याला बांधायला बारा मिनिटे लागली.

ही बारा मिनिटे मला फार बोलकी वाटतात. मुकादम काही दुष्ट नव्हता. आपण दर विचारतो तेव्हा चार ठिकाणी फोन करतो आणि सर्वांत कमी आकडा निवडतो. तो आकडा कमी कशामुळे होतो? बहुधा याच बारा मिनिटांमुळे. म्हणजे काचेच्या आत बसून पट्टा काढून ठेवण्यात माझाही हात असतो, आणि मी मात्र निर्मळ.

पतंजलींच्या योगसूत्रांत शौच हा नियम आहे, पाच नियमांतला पहिला. स्वच्छतेवरच्या लेखांत आपण त्याचा आधार नेहमी घेतो. पण नियमांच्या आधी यम येतात, आणि यमांत पहिली अहिंसा. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. ज्या शौचासाठी दुसऱ्याचा जीव टांगणीला लागतो, ते शौच अहिंसेची पायरी गाळून वर चढलेले असते. (सी-स्कीममध्ये एक अहिंसा सर्कलही आहे.) ‘स्वच्छ’ या शब्दाकडेच पाहा: सु आणि अच्छ, अच्छ म्हणजे ज्याच्या पलीकडचे दिसते असे. भिंत निर्मळ होऊ शकते, खऱ्या अर्थाने स्वच्छ होते ती काच. तिच्या पलीकडे उभा असलेला माणूसच दिसला नाही, तर मग ती नेमकी काय झाली म्हणायची?

कोणी म्हणेल, मग स्वतःच धुवावे, श्रमदान करावे. मला हे सरसकट पटत नाही. पासष्टीच्या मावशीने शिडीवर चढणे ही साधना नाही. आणि आपण स्वावलंबी झालो म्हणून त्या मुलाला दुसरे काम मिळेल, असेही नाही. श्रम विकत घेण्यात पाप नाही. त्यातली जोखीम फुकट घेण्यात आहे.

जयपूरच्या बाहेरच्या रंगाची एक प्रसिद्ध हकिकत आहे. १८७६ साली ब्रिटिश युवराज अल्बर्ट एडवर्ड येणार म्हणून महाराजा सवाई रामसिंह यांनी शहर गुलाबी रंगवून घेतले, असे सांगतात. शहर सुंदर दिसले, आजही दिसते. त्याच १८७६ साली अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे डेबूजीचा, म्हणजे आपल्या गाडगेबाबांचा जन्म झाला. गावात पोहोचताच खराटा हातात घ्यायचा, दिवसभर रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा शिरस्ता. दोन्हीकडे बाहेरचीच स्वच्छता आहे. युवराजासाठी केलेल्या तयारीला मी हसत नाही. पाहुण्यासाठी घर सजवणे हीसुद्धा माया आहे. पण बाबांच्या खराट्याची घाण पाहुण्याच्या नजरेआड शेजारच्या गल्लीत जात नव्हती, आणि झाडणारा हात कोणाचा हे अख्ख्या गावाला दिसत होते. म्हणूनच बाहेरची सफाई कमी प्रतीची आणि आतली श्रेष्ठ, ही आपली वाटणी मला घाईची वाटते. बाबांनी ती कधी तशी केली नाही.

व्यवहारात काय करता येईल, तर फोनवर दर विचारण्याआधी तीन गोष्टी विचारता येतात: उंचीवर काम करणाऱ्याला पट्टा आणि दोर आहे का, अ‍ॅसिड वापरता का, आणि पाणी कुठे सोडणार. साबण लावण्याआधीचे साधे पाणी अंगणातल्या झाडांना जाऊ शकते. काच दरवेळी धुवावीही लागत नाही. आंधीनंतर आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढली आणि मग ओल्या फडक्याने पुसली तर एका खिडकीला अर्धी बादलीही पुरते. भिंत दर वर्षी धुण्याची गरज नसते. आणि इस्त्रीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायला पैसे पडत नाहीत.

तारखेचाही विचार करावा. दिवाळीआधीच्या पंधरवड्यात सगळ्या शहराला एकाच वेळी माणसे हवी असतात. तेव्हाच दिवसाला पाच-पाच घरे घेतली जातात आणि पट्टा गाडीत राहतो. म्हणून यंदा मावशीने देवदिवाळीनंतरचा दिवस ठरवला आहे. काकांना ते अजून पटलेले नाही. पाहुणे दिवाळीत येतात, नंतर कोणी येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.