ऋणाची मुदत

सैनिक राष्ट्राला काय देतो, या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘प्राण’ असे दिले जाते. उत्तर भव्य आहे, पण अपुरे. बहुसंख्य सैनिक प्राण देत नाहीत. ते देह वापरावयास देतात आणि झिजलेला देह घेऊन गावी परततात. हिमदंशाने गेलेली बोटे, तोफांच्या आवाजाने अधू झालेले कान, ओझ्याखाली घासलेले गुडघे यांना शौर्यपदक नसते. या देहाची शुश्रूषा कोणी करावयाची?

भारतात माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. पॉलिक्लिनिके उघडली, खाजगी रुग्णालयांशी करार झाले. निवृत्तांची मोठी सोय झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्या दारावर निवृत्तिवेतनाची अट होती आणि जवानाला त्यासाठी सामान्यतः १५ वर्षांची सेवा लागते. दहा वर्षे सेवा करून परतलेले अल्प मुदतीचे अधिकारी २०१९ पर्यंत या दाराबाहेरच राहिले.

खाणकामगारही देह झिजवतो, गटारात उतरणारा सफाई कामगार तर जीवच पणाला लावतो; मग सैनिकालाच वेगळा हक्क का? हा आक्षेप प्रामाणिक आहे. ‘देशासाठी’ एवढ्या शब्दाने त्याचे निरसन होत नाही (सफाई कामगारही परदेशासाठी राबत नाही). फरक असलाच तर तो नकाराच्या अधिकारात आहे. दारिद्र्य हा अधिकार हिरावून घेते, पण काम सोडणाऱ्याला अपराधी ठरवीत नाही. सैनिकी कायदा ठरवितो. हा अधिकार ज्याने शासनाच्या स्वाधीन केला, त्याच्या देहाचे दायित्व शासनावर त्याच दिवशी येते. त्यासाठी पंधरावे वर्ष उजाडावे लागत नाही. भरतीच्या वेळी निरोगी नोंदलेल्या सैनिकाचा पुढील आजार सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे, अन्यथा सिद्ध करण्याचा भार शासनावर राहील, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धर्मवीर सिंग प्रकरणात म्हटले. तो वाद अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचा होता. तत्त्व मात्र उपचारालाही लागू पडावे असे आहे.

२०२२ च्या अग्निपथ योजनेतील अग्निवीर चार वर्षे त्याच सैनिकी कायद्याखाली असतो. पुढे कायम न झालेल्यास निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ही आरोग्य योजनाही नाही. कानाचा दोष तर पुष्कळदा वर्षांनी उघड होतो. तेव्हा त्याने जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत इतरांसारखेच उभे राहावे, असा या अटींचा अर्थ होतो.