पिल्लाचा रंग आणि कर्त्याचा संकल्प

गेल्या चातुर्मासात गोदाकाठच्या एका गावी कीर्तनसेवेला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बसलो असता यजमानांचा नातू एक खोके घेऊन पुढ्यात बसला. मुलगा पशुवैद्यकाचे शिकलेला, अंडी उबवण्याच्या केंद्रात नोकरीला. खोक्यात एका दिवसाची आठ-दहा पिल्ले. म्हणाला, "बुवा, ही तांबूस आहेत ना, त्या माद्या. ही फिकट पिवळी, ते नर. बघितल्याबरोबर कळतं. पिवळे आम्ही ठेवत नाही. हे चार मी मागून आणलेत. मला एवढंच सांगा, ह्यात पाप कुणाचं?"

आजोबा माळकरी. ते घाईने म्हणाले, "अरे, बुवांना काय विचारतोस हे? आपल्या घरात अंडं शिवत नाही कोणी." मुलगा गप्प झाला. पण प्रश्न खरा होता, आणि खऱ्या प्रश्नाला सोवळे-ओवळे नसते. त्या मुलाकडून व मागाहून पुस्तकांतून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम ती खूण उमटते कशी, ते पाहू. कोंबड्यांच्या रंगाचे काही गुण लिंगसूत्राशी बांधलेले असतात. माणसांत पुरुषाची दोन लिंगसूत्रे भिन्न, स्त्रीची सारखी. पक्ष्यांत नेमके उलट. कोंबड्याची सारखी, कोंबडीची भिन्न. त्यामुळे आई आपला हा रंगगुण फक्त लेकांना देते, लेकींना तो मिळतो बापाचाच. आता ऱ्होड आयलंड रेड जातीचा तांबडा कोंबडा घ्या आणि लाइट ससेक्स जातीची पांढरी कोंबडी घ्या. लेकाकडे आईचा रुपेरी गुण येतो आणि बापाचा सोनेरी. रुपेरी गुण सोनेरीला झाकतो, म्हणून नर पिल्लू फिकट. लेकीकडे झाकणारे काही नाही, ती तांबूस. हीच जोडी उलटी लावली, बाप रुपेरी अन् आई सोनेरी, की सगळीच पिल्ले फिकट निघतात आणि खूण नाहीशी होते. मला हे ऐकून न्यायशास्त्रातले लिंग आणि लिंगी आठवले. धुरावरून अग्नी ओळखावा तसा पिसांवरून नर ओळखायचा. फरक इतकाच की इथे धूर माणसाने मुद्दाम घडवून आणलेला.

हे ज्ञान व्यवहारात आणण्यात पुढाकार होता तो इंग्लंडातील केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांचा. आपली मुले महाविद्यालयात ज्यांचा 'पनेटचा चौकोन' मांडतात तेच हे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात तिकडे धान्याची ओढ होती. अंडी देते ती मादी. मग नराला दाणा का घालावा? तो पहिल्याच दिवशी ओळखता आला तर तेवढा दाणा वाचेल, हा त्यामागचा विचार. पुढे १९३० च्या सुमारास त्यांनी व मायकल पीझ यांनी 'कॅम्बार' नावाची जातच सिद्ध केली. तीत दरवेळी संकर करावा लागत नाही. पिढ्यान् पिढ्या नर व मादी पिल्ले जन्मतःच निराळी दिसतात.

आता पनेटसाहेबांना दोष द्यावा काय? मला तसे वाटत नाही. भुकेल्या देशात दाण्याचा हिशेब करणे हे पाप नव्हे. पण त्या ज्ञानाने घडले काय, हेही पाहिले पाहिजे. खूण नव्हती तोवर बहुतेक ठिकाणी नर-मादी सारखेच वाढत. तुरा लाल होऊन मोठा दिसू लागेपर्यंत काही आठवडे तरी नर आईमागे दाणा टिपत हिंडे. जुन्या काळी तो सुखी होता असे मी म्हणत नाही. जत्रेला नाहीतर पाहुण्याला त्याचीच मान कापली जाई. तरी आमच्या अज्ञानाने त्याला चार दिवस उन्हात काढता येत होते. ज्ञान आले आणि ते दिवस गेले.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. अंड्याची जात निराळी आणि मांसाची निराळी, असे दोन धंदे झाले. अंड्याच्या जातीची मादी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, पण तिच्या भावाच्या अंगावर मांस धरत नाही. म्हणजे तो कशालाच नको. साऱ्या जगात वर्षाला सुमारे ७०० कोटी नर पिल्ले पहिल्याच दिवशी यंत्रात किंवा वायूने मारली जातात, असा अंदाज सांगतात. सगळीकडे रंगच पाहतात असे नाही. पांढऱ्या लेगहॉर्नमध्ये ही रंगाची खूण चालत नाही. तेथे पंखांच्या पिसांची लांबी पाहतात. निकाल तोच.

पाप कुणाचे, ह्यावर मनुस्मृतीने आठ जणांची गणती केली आहे: अनुमती देणारा, तोडणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. त्या मुलाने आपली जागा ह्यात शोधली. "मी मारत नाही, खातही नाही. मी फक्त रंग सांगतो." मी म्हटले, "मग तू पहिला." तो हसला नाही.

परंतु ह्याहून सूक्ष्म पूर्वपक्ष निराळा आहे. महाभाष्यकारांनी 'नान्तरीयक' म्हणून एक गोष्ट सांगितली आहे. भाताची इच्छा असणारा माणूस शेतातून साळ आणतो, तिच्याबरोबर पेंढा येतो, कोंडा येतो. त्याला ते नको असतात, पण त्यावाचून दाणा मिळत नाही. घेण्यासारखे घेऊन तो उरलेले टाकतो, आणि त्याला कोणी नाव ठेवत नाही. तर मग नर पिल्लू हे मादी पिल्लाबरोबर आलेले तूसच नव्हे काय? शंभर अंडी उबवली की पन्नासाच्या आसपास नर निघणारच. धंदेवाला म्हणेल, ते मी मागितले नव्हते.

ह्या युक्तिवादाने मी दोन दिवस अडलो होतो. मग ध्यानात आले की कोंडा कोणाची ऊब घेऊन चिवचिवत नाही. कोंडा दाण्यासाठी असतो, त्याला स्वतःचे असे काही नाही. पिल्लू मात्र बहिणीसाठी जन्मत नाही. खोक्यातल्या पिवळ्याने माझ्या बोटावर चोच मारली ती त्याच्या स्वतःच्या भुकेने. नान्तरीयक शब्द वस्तूला लागतो. जिवाला लावायचा तर आधी त्याला वस्तू करावे लागते. आणि ते काम पिल्लू निवडणारा हात करत नाही. ते आधीच झालेले असते, एकवीस दिवस अगोदर, शंभर अंडी यंत्रात ठेवताना ज्याने मनात 'पन्नास' असा हिशेब केला त्याच्या संकल्पात. रंग सांगणारा शेवटचा नोकर आहे. दोष त्यालाही लागतो, पण उगम तिथला नव्हे.

जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून अशी पिल्ले मारण्यास कायद्याने बंदी केली. मग तिकडे अंड्यातच नर ओळखू लागले. एका पद्धतीत साधारण तेराव्या दिवशी कवचातून प्रकाश पाठवून आतल्या पिल्लाच्या पिसांचा रंग पाहतात. म्हणजे तीच खूण, फक्त आठ दिवस आधी वाचायची. काहींनी नर पिल्लेही वाढवायची आणि तो खर्च अंड्याच्या किंमतीत घालायचा, असा मार्ग धरला. मला हा दुसरा अधिक सरळ वाटतो, कारण त्यात खाणाराही हिशेबाला बसतो. इथे एक नवल पाहा. माणसाच्या पोटी मुलगी आहे की मुलगा हे आधी कळू नये म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली आणि केंद्राने १९९४ साली कायदा केला. तिथे जाणणेच बंद केले, कारण जाणणाऱ्यांचा संकल्प काय ते ठाऊक होते. कोंबडीच्या बाबतीत मात्र अधिक लवकर जाणण्यालाच दया म्हणावे लागते.

हे सर्व त्या मुलाला सांगितले. आजोबा ऐकत होते. त्यांच्या मुद्रेवर, आपण ह्यातून सुटलो, असे समाधान होते, आणि खरे सांगायचे तर माझ्याही. मग मुलगा म्हणाला, "बुवा, काल रात्री कीर्तनानंतर तुम्हाला दूध दिलं ना? आपल्या गोठ्यात चार संकरित गाई आहेत. गेल्या वर्षी दोघींना गोऱ्हेच झाले."

आजोबांनी सुनेला हाक मारून चहा सांगितला. गोठा अंगणापलीकडे दिसत होता. तिथे एकही गोऱ्हा नव्हता, आणि ते कुठे गेले हे मी विचारले नाही. चहा आला तो दुधाचा होता. तो मी घेतला.