सावळ्या विठ्ठला, लेकरांसाठी

पांडुरंगा, आज लेकरांसाठी मागायला आले आहे. धड लहान नाहीत, धड मोठी नाहीत, त्या वयातल्यांसाठी. ज्यांच्या पोटाला आहे, अंगावर धड कपडे आहेत, क्लासची फी भरलेली आहे, आणि तरीही रात्री दोन वाजता पांघरुणाखाली ज्यांच्या तोंडावर मोबाइलचा उजेड पडलेला असतो, त्यांच्यासाठी.

तुला सगळं ठाऊक आहे. तरी सांगते, सांगितल्यावाचून जीव हलका व्हायचा नाही. नववीतली एखादी पोर फोटो टाकते. टाकण्याआधी ढीगभर काढून त्यातला एक निवडलेला असतो. मग घटकेघटकेला पाहते, कुणी लाइक केलं, कुणी नाही. मैत्रिणीच्या फोटोला दीडशे, हिच्या फोटोला वीस. तासाभरानं ती तो फोटो काढून टाकते आणि जेवायला हाक मारली की म्हणते, भूक नाही. आईला वाटतं, बाहेर काहीतरी खाऊन आली असेल. कुणाच्या मेसेजपुढे निळी खूण उमटते, उत्तर मात्र येत नाही, आणि तेवढ्यावर रात्र सरते. वर्गातली मुलं एकाला वगळून नवा ग्रुप करतात आणि त्यात काय चाललंय हे त्याला बरोबर कळेल अशी व्यवस्थाही करतात. पूर्वी शाळेतली चिडवाचिडवी शाळा सुटली की सुटायची. आता ती दप्तराबरोबर घरी येते.

हे काही पुण्या-मुंबईपुरतं नाही. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या चौदा ते सोळा वयाच्या ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांतल्या ७६ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो सोशल मीडियासाठी वापरला होता, अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी. वाड्यावस्त्यांवरची पोरंही यात आली, देवा.

विठ्ठला, तू सावळा. तुझ्या त्या रंगावर या मुलखानं शेकडो वर्षं जीव ओवाळून टाकला. ऊन-पाऊस अंगावर घेत आयाबाया चालत आल्या आणि तुझ्या काळ्या पायांवर डोकं टेकवून धन्य झाल्या. त्यांच्याच नाती-पणत्या आज एक फिल्टर लावतात आणि रंग उजळतो, नाक बारीक होतं, मुरुमं पुसली जातात. मग आरशातलं तोंड त्यांना नकोसं होतं. गोरेपणाचं वेड मोबाइलनं आणलं नाही. ते आमच्या कांदेपोह्यांच्या बैठकींत होतं, स्थळांच्या जाहिरातींत होतं. मोबाइलनं ते वेड पोरीच्या हातात दिलं आणि दिवसभर तिच्या डोळ्यांपुढे धरलं. आधीच स्वतःच्या शरीराविषयी न्यूनगंड असलेल्या दर तीन किशोरींपैकी एकीचा न्यूनगंड इन्स्टाग्राममुळे वाढतो, हे त्या कंपनीच्याच संशोधकांना दिसलं होतं. कंपनीत काम केलेल्या फ्रान्सिस हॉगन यांनी २०२१ मध्ये कागद बाहेर आणले, तेव्हा ते जगाला कळलं. तुझ्या देवळात रंगाला जो मान आहे, तो या मुलींच्या मनात उतरू दे. आपल्या अंगावरच्या कातडीची लाज वाटणं हे फार मोठं दुःख आहे, आणि ते तेराव्या वर्षी कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मुलग्यांनाही विसरू नकोस. जिमच्या रील पाहून स्वतःच्या हडकुळ्या दंडांची लाज वाटणारे, बाप्यानं रडू नये असं अनोळखी माणसाच्या तोंडून शिकणारे. ते बोलत नाहीत म्हणून त्यांचं बरं चाललंय असं आम्ही धरून चालतो.

लंडनमध्ये चौदा वर्षांची एक मुलगी २०१७ मध्ये गेली. तिनं स्वतःला केलेल्या इजेतून तिचा मृत्यू झाला होता. पाच वर्षांनी तिच्या मृत्यूची चौकशी पुरी झाली, तेव्हा कॉरोनर अँड्र्यू वॉकर यांनी निष्कर्षात नोंदवलं की नैराश्याबरोबरच ऑनलाइन मजकुराचे दुष्परिणामही तिच्या मृत्यूला कारण झाले. त्यातला काही मजकूर तिनं शोधलाही नव्हता, यंत्रानंच निवडून पुढे आणला होता. उदास मुलीला आणखी उदास करा, असं त्या यंत्राला कुणी सांगितलेलं नसतं. ज्यावर तिची नजर थांबली ते आणखी दाखव, एवढंच शिकवलेलं असतं. पण लेकरू दुखऱ्या जागीच थांबतं, हे ते बनवणाऱ्या माणसांना कळत होतं, कळायला हवं होतं. त्यांना सद्बुद्धी दे. स्क्रोलला शेवटच नको ही युक्ती २००६ मध्ये ज्यानं काढली, त्या अझा रस्किन यांनी पुढे जाहीरपणे खंत व्यक्त केली. तशी खंत बाकीच्यांना उत्पादन बाजारात येण्याआधी वाटू दे.

फोन जगातून नाहीसे कर, असं मी मागत नाही. बोलताना अडखळणाऱ्या मुलाला तिथं टाइप करून मित्र मिळाला आहे. आडगावातली चित्रं काढणारी पोर तिथूनच शिकली आहे. सगळ्या दुःखाचं मूळ मोबाइलच, असं शास्त्रज्ञही एकमुखानं म्हणत नाहीत. परीक्षा आहे, घरातली भांडणं आहेत, एकटेपण आहे. पण दुखण्यावर मीठ कोण चोळतं, एवढं तरी आम्हाला दिसू दे. ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी केली. आमच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवू नये, त्यांना हेरून जाहिराती दाखवू नयेत असं लिहिलं आहे. ते कागदावरून फोनपर्यंत पोचव.

आणि मोठ्यांना धीर दे, देवा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाइल बंद, साडेआठपर्यंत. पोरांचेच नव्हेत, घरातल्या सगळ्यांचे. मला त्या गावाचं फार मोल वाटतं. पोराच्या हातातला फोन हिसकावून आपल्या हातातला तसाच ठेवणाऱ्या घराला तो भोंगा ऐकू येऊ दे. दहावीचा निकाल लागला की भाच्या-पुतण्यांचे टक्के स्टेटसवर झळकवणाऱ्यांना, ज्याला ५८ टक्के पडलेत त्या पोराची आठवण राहू दे. ‘काय झालं’ला ‘काही नाही’ असं उत्तर आलं, तर आईबापांना तिथंच बसून राहण्याची बुद्धी दे. उपदेश न करता, शेजारच्या पोराचं उदाहरण न देता.

तुझ्याशी बोलून झालं, विठ्ठला. आता हे वाचणाऱ्या लेकराशी बोलते. बाळा, मन फार जड झालं असेल, जगणं नको वाटत असेल, तर घरातल्या किंवा शाळेतल्या एखाद्या मोठ्या माणसाला आजच सांग. ते जमत नसेल तर १४४१६ वर फोन लाव. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे. चोवीस तास चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी लाव.