दोन चौकटींमधला बाण

जरा सैलावून बसा. हातातलं काम पाच मिनिटं बाजूला राहू दे. तुमच्या ऑफिसातलं एकच बिल मनात आणा, एखाद्या लहान पुरवठादाराचं, ज्याला पैशांची खरोखरच निकड आहे. ते बिल दारातून आत आलं तिथपासून त्याच्या मागोमाग चालू या. घाई नाही.

आवकला शिक्का बसला. खरेदी विभागाने ते ऑर्डरशी ताडून पाहिलं. दर जुळला, नग जुळले नाहीत, म्हणून स्टोअरकडे परत. तिथून सही होऊन पुन्हा खरेदीकडे, मग अकाउंट्सला, मग साहेबांच्या टेबलावर. प्रत्येक टेबलावरचं काम 10-15 मिनिटांचं. तरीही बिल पास व्हायला 23 दिवस लागले. इथे रेंगाळा. कुठे गेले हे दिवस? कोणत्याही एका टेबलापाशी जाऊन विचारलंत तर तो माणूस म्हणेल, ‘माझ्याकडे आलं त्याच दिवशी मी काढलं.’ आणि तो खरं बोलत असेल. दिवस गेले ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोचण्यात.

याच ऑफिसात प्रक्रियेची एक आकृती फ्रेम करून लावलेली असते. पाच चौकटी, चार सरळ बाण. स्टोअरकडे परत वळणारा बाण तिच्यात नाही. म्हणून तिला खोटी म्हणू नका. काम कसं करायचं ठरलं होतं, ते ती प्रामाणिकपणे सांगते. काम प्रत्यक्षात कसं झालं, ते संगणकात साठत असतं. कोणतं प्रकरण, काय केलं, केव्हा केलं. प्रोसेस मायनिंग नावाची सगळी विद्या या तीन रकान्यांवर उभी आहे. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या तंत्रज्ञान विद्यापीठात विल व्हॅन डर आल्स्ट यांनी 1990च्या दशकाच्या अखेरीस अशा नोंदींवरून कामाचा नकाशा काढण्याचं संशोधन सुरू केलं. पुढे 2011मध्ये म्युनिकला सेलोनिस ही कंपनी सुरू झाली, आणि असे नकाशे काढणारं सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांत पोचलं. आपल्या कचेऱ्यांतली आवक-जावक बारनिशी ज्याने हाताळली आहे, त्याला यातलं बीज ओळखीचं वाटेल.

आता बिल खाली ठेवा. मनात एक दुसरा कागद घ्या, इटलीतल्या वाहतूक दंडाचा.

तिथल्या एका स्थानिक पोलिसखात्याच्या दंडांची नोंद अभ्यासकांसाठी खुली आहे. 1,50,370 प्रकरणं, 5,61,470 नोंदी. सॉफ्टवेअरने त्या उलगडल्या तेव्हा वेगवेगळ्या वाटा निघाल्या 231. सगळ्या एकदम पडद्यावर आणल्या की शेवयांचा गुंता दिसतो. म्हणून तीनच वाटा शेजारी शेजारी मांडू.

पहिली वाट 56,482 प्रकरणांची. दंड लागला, पाठवला, पोचल्याची नोंद झाली, वाढीव रक्कम चढली, प्रकरण वसुलीकडे गेलं. दुसरी 46,371 प्रकरणांची. दंड लागला, भरला, संपलं. तिसरी 20,385 प्रकरणांची. दंड लागला, पाठवला. पुढे काहीच नाही.

पहिल्या वाटेवरचा एक बाण जवळून पाहा. पोचल्याची नोंद आणि वाढीव रक्कम यांच्यामध्ये 60 दिवस आहेत. नकाशात असा लांबलेला बाण गडद होऊन उठतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, सापडला अडथळा. पण हे 60 दिवस कायद्याने माणसाला दिलेले आहेत. तेवढ्या मुदतीत त्याने दंड भरावा, किंवा मान्य नसेल तर दाद मागावी. या बाणात कोणी कामचुकारपणा केलेला नाही. त्यात एका नागरिकाचा हक्क आहे.

आता आपलं बिल पुन्हा आठवा. तिथल्या बाणात कोणाचा हक्क होता? कोणाचाच नाही. स्टोअरकडे जायच्या ट्रेमध्ये बिल पडून होतं आणि पुरवठादार रोज फोन करत होता. नकाशावर दोन्ही बाणांचा रंग एकच. एक प्रतीक्षा राखायची, दुसरी मिटवायची, हा निवाडा सॉफ्टवेअर करत नाही. तो आपल्यालाच करावा लागतो आणि माझ्या मते या कामातला सगळ्यात जबाबदारीचा भाग तोच आहे.

दोन शाखांची तुलना करतानाही असंच होतं. पुण्याची शाखा 9 दिवसांत बिल काढते, नागपूरची 16 दिवसांत, असं पडद्यावर दिसलं की पहिला विचार येतो तो नागपूरला पुण्यासारखं करण्याचा. तो विचार आला तर येऊ द्या, पण लगेच उठू नका. नागपूरच्या नकाशात एक जादा चौकट आहे, माल उघडून मोजण्याची. पुण्याने ती गाळली असेल, किंवा पुणे मोजत असेल पण नोंदवत नसेल. दोन्ही शक्यता मनात धरून ठेवा. आकृतीतून बाहेर पडलेली पायरी दरवेळी चुकीचीच असते असं नाही. पुष्कळदा ती वर्षानुवर्षं काम करणाऱ्या एखाद्या बाईंचं शहाणपण असतं. फोन करून खात्री करून घेतल्याशिवाय त्या सही करत नाहीत, आणि तो फोन कुठल्याच रकान्यात नसतो.

शेवटी त्या तिसऱ्या वाटेपाशी या. 20,385 दंड पाठवले गेले आणि तिथेच नोंद थांबली. त्यात न पोचलेली पाकिटं असतील, बदललेले पत्ते असतील, पुढची तारीख लिहायची राहून गेली असेल. नोंद गप्प आहे. या गप्पपणाला नाव देण्याची घाई मन करतं. करू देऊ नका. थोडा वेळ तो तसाच समोर राहू द्या.

उद्या दोन प्रवाह पडद्यावर शेजारी मांडाल, तेव्हा सरासरी पाहण्याआधी एक प्रकरण उघडा. एकच. पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सावकाश वाचा. जिथे तारखांमध्ये मोठी फट दिसेल, त्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसा आणि तिथल्या माणसाला विचारा, ‘हे आलं त्या दिवशी तुमच्यासमोर आणखी काय काय होतं?’