वारशाने आलेला करार

जुमाच्या नमाजनंतर एका तरुणाने विचारले, “मौलाना, राज्यघटनेवर माझी सही नाही, मग मी तिला बांधील कसा?”

प्रश्न प्रामाणिक आहे. हिजरतीनंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेत मुहाजिर, अन्सार व यहुदी कबिल्यांसाठी लेखी करार केला. प्रत्येकाचा धर्म त्याच्यापाशी राहिला. शहराचे रक्षण मात्र सर्वांचे ठरले. करार कबिल्यांशी होता, म्हणून उद्या जन्मणारे मूलही त्यात सामील होते.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेली घटनाही अशीच आहे. संविधान सभेत मौलाना आझाद होते, बेगम एजाज रसूल होत्या. कलम २५ आणि ३० यांच्या सावलीत आपल्या मशिदी व शाळा उभ्या आहेत. सावली घ्यायची आणि झाड परके म्हणायचे, ही अमानतीत खयानत होय.

आणि समोरच्याने करार मोडला तर? तर त्याच करारावर बोट ठेवून न्याय मागावा. शब्द पाळणे कधी जिव्हारी लागते, हुदैबियात साखळदंडांसह आलेल्या अबू जंदल (रजि.) यांना तहाखातर परत पाठवावे लागले. पण ज्याने स्वतः वचन पाळले, त्याच्याच तोंडी न्यायाची मागणी शोभते.

अल्लाह आपल्याला वचनाचे पक्के करो. आमीन.